पडदा लोकांचा, टिपण वक्त्याचे

(अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी भरविलेल्या एका प्रशिक्षण वर्गात जिल्हा माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



आजचा माझा विषय वरकरणी लहान आहे. सभेत पडद्यावर स्लाईड दाखवीत असताना वक्त्याने आपले टिपण आपल्यापुरते कसे पाहावे, एवढाच तो आहे. लॅपटॉपचा एक पडदा आणि प्रोजेक्टरचा किंवा दूरचित्रवाणी संचाचा दुसरा पडदा, असे दोन पडदे जोडून ही गोष्ट साधता येते. त्यासाठी वेगळा खर्च नाही. जी यंत्रसामग्री आज बहुतेक कार्यालयांत आणि पुष्कळशा शाळांत आहे, तीच पुरेशी आहे. मात्र ह्या लहान सोयीच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. लोकांपुढे काय ठेवावयाचे आणि वक्त्याने आपल्याजवळ काय राखावयाचे, हा तो प्रश्न होय. म्हणून यंत्राची माहिती सांगून झाल्यावर त्या प्रश्नाकडेही मी आपले लक्ष वेधणार आहे.

नेहमीचे दृश्य

सभागृहात अंधार केलेला आहे. पडद्यावर बारीक अक्षरांत दहा-बारा ओळी आल्या आहेत. वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून त्या ओळी वाचून दाखवीत आहे. श्रोत्यांनी त्या ओळी त्याच्या आधीच वाचून संपविल्या आहेत. मागच्या रांगेतील मंडळींना अक्षर दिसत नाही, म्हणून ती आपसांत बोलू लागली आहेत. हे दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे.

असे का होते? वक्त्याला विषय ठाऊक नसतो म्हणून होते, असे मला वाटत नाही. बहुतेक वेळा त्याला विषय उत्तम ठाऊक असतो. परंतु ऐन वेळी आकडा आठवला नाही तर काय, मुद्दा निसटला तर काय, ही धास्ती त्याच्या मनात असते. त्या धास्तीपोटी तो आपले सगळे टिपणच पडद्यावर चढवितो. परिणामी जो पडदा लोकांना दाखविण्यासाठी आहे, तो वक्त्याच्या आठवणीची वही होऊन बसतो. लोकांना चित्र, नकाशा, ठळक आकडा हवा असतो. त्यांच्या वाट्याला येतात परिच्छेद. दोन पडद्यांची व्यवस्था ह्या धास्तीवरचा साधा उपाय आहे. वही वक्त्यापुढे राहते आणि पडदा लोकांसाठी मोकळा होतो.

जुनी परंपरा

चित्र लोकांपुढे आणि शब्द सांगणाऱ्यापाशी, ही विभागणी संगणकाने शोधून काढलेली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक श्रोत्यांसमोर धरावयाची आणि वाद्यांच्या साथीने कथा गाऊन सांगावयाची, अशी ती रीत. चित्रावर मजकूर नसतो. कथा सांगणाऱ्याच्या कंठात असते. ह्याच परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नावाने काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडून कथा सांगण्याचे खेळ केले. तेथेही चित्र पडद्यावर होते आणि निवेदन मुखाने होत होते.

जपानमध्ये ‘कामिशिबाई’ नावाचा असाच एक खेळ आहे. १९३० नंतरच्या दशकात तो तेथील शहरांच्या गल्लीबोळांत फार लोकप्रिय होता. लाकडी चौकटीत कागदी चित्रे सरकवून कथा सांगतात. त्यातली युक्ती आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. प्रत्येक चित्राचा मजकूर दुसऱ्या एका चित्राच्या पाठीवर लिहिलेला असतो. पुढचे चित्र काढून सर्वांत मागे ठेवले, की त्याच्या पाठीवरचा मजकूर सांगणाऱ्याच्या डोळ्यांपुढे येतो, आणि त्याच वेळी त्या मजकुराचे चित्र प्रेक्षकांपुढे असते. दोन पडद्यांचे तत्त्व ते हेच. आपल्या रंगभूमीवर विंगेत उभा राहून नटाला शब्द पुरविणारा प्रॉम्प्टर काही वेगळे करीत नाही.

ज्या संगणकीय साधनावर आपण आज स्लाईड तयार करतो, ते पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी प्रथम विक्रीस आले. रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन हे त्याचे कर्ते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. प्रारंभी त्याचा उपयोग मुख्यतः ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवावयाची पाने छापण्यासाठी होई, आणि वक्त्यासाठी टिपणाची पाने छापण्याची सोय त्यात तेव्हाही होती. पुढे विंडोज ९८ ह्या प्रणालीने एकाच संगणकाला एकाहून अधिक पडदे जोडण्याची मुभा दिली, आणि छापील टिपण हळूहळू वक्त्याच्या पडद्यावर आले.

ओसरी आणि माजघर

आता प्रत्यक्ष व्यवस्था पाहू. लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला, की दोन पडद्यांचे काय करावयाचे, हे संगणकाला सांगावे लागते. विंडोजची कळ दाबून ठेवून ‘पी’ हे अक्षर दाबले, की चार पर्याय समोर येतात. पहिल्यात चित्र फक्त लॅपटॉपवर दिसते. दुसऱ्याचे नाव ‘डुप्लिकेट’. तिसऱ्याचे ‘एक्स्टेंड’. चौथ्यात चित्र फक्त दुसऱ्या पडद्यावर दिसते. आपल्या कामाच्या दृष्टीने मधले दोन महत्त्वाचे आहेत आणि त्यांतील भेद नीट समजून घ्यावयास हवा.

‘डुप्लिकेट’ म्हणजे आरसा. जे लॅपटॉपवर, तेच प्रोजेक्टरवर. तुम्ही फाईल शोधू लागलात, तर तुमच्या सगळ्या फाईलींची नावे लोक वाचतात. टिपण उघडले, तर तेही वाचतात. पुष्कळ ठिकाणी संगणक ह्याच पद्धतीवर ठेवलेला असतो आणि म्हणून टिपण खासगीपणे पाहता येते, हेच अनेकांना ठाऊक नसते.

‘एक्स्टेंड’ म्हणजे घराला आणखी एक दालन जोडणे. आपल्या जुन्या घरांत पुढे ओसरी असे आणि आत माजघर. पाहुणे ओसरीवर बसत, घरची लगबग माजघरात चाले. प्रोजेक्टरचा पडदा ही आपली ओसरी आणि लॅपटॉपचा पडदा हे माजघर, असे समजावे. दोन्ही एकाच घराचे भाग, परंतु एकातले दुसऱ्यात दिसत नाही. माऊसचा बाण पडद्याच्या एका कडेबाहेर नेला, की तो दुसऱ्या पडद्यावर जातो. बाण ‘हरवला’ म्हणून नवशिका माणूस गोंधळतो. वस्तुतः तो ओसरीवर गेलेला असतो. एखादी खिडकीच तिकडे उघडली, तर विंडोजची कळ आणि शिफ्ट एकत्र दाबून डाव्या वा उजव्या बाणाची कळ दाबावी. ती खिडकी पलीकडच्या पडद्यावरून परत येते.

पडदे असे विस्तारित केल्यावर पॉवरपॉइंटमधील ‘स्लाईड शो’ ह्या भागात जावे. तेथे ‘यूज प्रेझेंटर व्ह्यू’ अशी एक चौकट आहे, तिच्यात खूण असल्याची खात्री करावी. मग ‘एफ ५’ ही कळ दाबून कार्यक्रम सुरू करावा. लोकांच्या पडद्यावर केवळ स्लाईड दिसते. तुमच्या पडद्यावर मात्र चार गोष्टी दिसतात: चालू स्लाईड, तिच्यानंतर येणारी स्लाईड, चालू स्लाईडचे टिपण, आणि किती वेळ झाला ते दाखविणारे घड्याळ. टिपणाचे अक्षर लहान वाटल्यास त्याच पडद्यावर ते मोठे करण्याचे बटण आहे. चाळिशी ओलांडलेल्या आम्हां मंडळींना त्या बटणाचे मोल सांगावयास नको.

दोन-तीन कळा आणखी लक्षात ठेवाव्यात. कार्यक्रम चालू असताना ‘बी’ दाबले, की लोकांचा पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबले, की स्लाईड परत येते. चर्चा रंगली, लोकांचे लक्ष पडद्यावरून आपल्याकडे किंवा प्रश्न विचारणाऱ्याकडे वळवावयाचे असले, की ह्या कळेचा फार उपयोग होतो. एखाद्या स्लाईडचा क्रमांक दाबून ‘एंटर’ दाबले, की थेट त्या स्लाईडवर जाता येते. पाने मागेपुढे करीत बसावे लागत नाही. चुकून टिपण मोठ्या पडद्यावर आणि स्लाईड लॅपटॉपवर गेली, तर ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये दोहोंची अदलाबदल करण्याची आज्ञा आहे.

ज्या कार्यालयांत वा शाळांत लिबरऑफिस हे विनामूल्य साधन वापरतात, तेथेही ‘इम्प्रेस’मध्ये अशीच सोय आहे; तिला ‘प्रेझेंटर कन्सोल’ म्हणतात. शाळेत प्रोजेक्टर नसून दूरचित्रवाणी संच असेल, तरी एचडीएमआय केबलने तो जोडल्यावर तोच दुसरा पडदा होतो. आणि घरी सराव करताना दुसरा पडदाच नसेल, तर पॉवरपॉइंटच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘अल्ट’ आणि ‘एफ ५’ एकत्र दाबले, की एकाच पडद्यावर वक्त्याचे दृश्य उघडते. आदल्या रात्री आपल्या घरी बसून संपूर्ण भाषणाची तालीम अशी करता येते.

टिपणात काय लिहावे

प्रत्येक स्लाईडच्या खाली टिपणासाठी जागा असते. तेथे संपूर्ण भाषण लिहून काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. संपूर्ण वाक्ये लिहिली, की माणूस ती वाचू लागतो. पूर्वी तो पडद्याकडे पाहून वाचीत होता, आता लॅपटॉपकडे पाहून वाचतो. श्रोत्यांच्या दृष्टीने फरक एवढाच, की पाठीऐवजी डोक्याचा माथा दिसतो. टिपणात आठवणीच्या खुणा असाव्यात. ओळ लहान असावी. एका दृष्टिक्षेपात जेवढे टिपता येईल तेवढेच असावे आणि नजर पुन्हा लोकांकडे जावी.

एक उदाहरण घेतो. ग्रामसभेत पाणीपुरवठा योजनेची माहिती द्यावयाची आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनचा निकष माणशी दररोज ५५ लिटर असा आहे. पडद्यावर एवढीच ओळ मोठ्या अक्षरांत असावी आणि शेजारी गावाचा नकाशा असावा. टिपणात हिशेब असावा: लोकसंख्या १,८०० धरली, तर १,८०० गुणिले ५५, म्हणजे दररोज ९९,००० लिटर. वस्त्यांची नावे, नळजोडणी राहिलेल्या घरांची संख्या, पंपाची क्षमता, टाकी किती वेळा भरावी लागते, हे सगळे टिपणात ओळीने लिहावे. कोणी विचारले, ‘वरच्या वाडीला पाणी पोहोचेल का?’ तर फाईल उलटत बसावे लागत नाही.

शिक्षक मित्रांसाठी दुसरे उदाहरण. पावसाचे पाणी साठविण्याचा पाठ आहे. पडद्यावर शाळेचे छप्पर आणि त्यावरून उतरणाऱ्या पन्हळीचे चित्र आहे. प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावयाचा आहे: छप्पर १०० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर, तर छपरावर पाणी किती पडेल? उत्तर पडद्यावर असले, तर विचार करण्याचे प्रयोजनच संपते. ते गुरुजींच्या टिपणात असावे: ७० घनमीटर, म्हणजे ७०,००० लिटर. मुलांनी उत्तरे सांगितल्यावर पुढच्या स्लाईडवर ते दाखवावे. पुढची स्लाईड आपल्याला आधीच दिसत असल्यामुळे ती केव्हा उघडावयाची, हे आपल्या हाती राहते. चांगला शिक्षक उत्तर जाणतो आणि तरी थांबतो. दोन पडद्यांमुळे हे थांबणे सोपे होते.

टिपणात आणखी काही गोष्टी आवर्जून असाव्यात. मान्यवरांची नावे आणि पदे बिनचूक असावीत. वाड्या, पाडे, तांडे यांच्या नावांचा स्थानिक उच्चार असावा. गावाचे नाव चुकीचे उच्चारणारा अधिकारी पहिल्याच वाक्याला परका ठरतो. प्रत्येक स्लाईडपाशी वेळ लिहावी. वीस मिनिटांत दहा स्लाईड दाखवावयाच्या, तर पाचव्या स्लाईडच्या अखेरीस घड्याळात दहा मिनिटे व्हावयास हवीत. ती पंधरा झाली असतील, तर कोणती स्लाईड वगळावयाची हेही आधी ठरवून ठेवावे. सभेचा वेळ खाणे म्हणजे लोकांच्या प्रश्नांचा वेळ खाणे होय.

पंचायतींतील भगिनींना मला येथे विशेष सांगावयाचे आहे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पहिल्यांदाच निवडून आलेल्या सरपंच भगिनीला भर सभेत बोलावयाचा संकोच वाटतो, आकडे चुकण्याची भीती वाटते, आणि मग सरपंचांच्या नावाने दुसरेच कोणी तरी बोलते. आपले टिपण आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत लिहावे. ते दुसऱ्या कोणाला दिसणार नाही. शुद्धलेखनाची चिंता नको, प्रमाणभाषेचे दडपण नको. ‘टाकीचं काम, पाटलाच्या शेताजवळ, निम्मं झालं’ एवढी ओळ पुरते. आकडा समोर असला, की आवाजाला आपोआप बळ येते. गावच्या पैशाचा हिशेब सरपंचाने स्वतःच्या तोंडाने सांगितला, तर त्या पदाला अर्थ आहे.

जे नेहमी चुकते

साधन सोपे असले, तरी काही ठिकाणी ते हटकून दगा देते. तेवढी स्थळे सांगतो.

पहिली गोष्ट जागेची. लॅपटॉपवरचे टिपण खासगी आहे, ते समोरच्या श्रोत्यांपुरते. व्यासपीठावर आपल्या मागे बसलेल्या पाहुण्यांना ते स्वच्छ वाचता येते. म्हणून लॅपटॉप कोठे ठेवावयाचा, त्याची तोंडे कोणीकडे करावयाची, हे सभा सुरू होण्यापूर्वी पाहावे.

दुसरी गोष्ट दूरदृश्य बैठकीची. जिल्हा आणि तालुका कार्यालयांच्या अनेक बैठका आता ह्या मार्गाने होतात. तेथे आपला पडदा इतरांना दाखविताना संपूर्ण लॅपटॉपचा पडदा निवडला, तर टिपणासह सर्व काही सर्वांना दिसते. दोन पडदे जोडलेले असतील, तर ज्यावर केवळ स्लाईड आहे तोच पडदा निवडावा. आधी एखाद्या सहकाऱ्याला विचारून घ्यावे, ‘तुम्हांला काय दिसते आहे?’ ह्या एका प्रश्नाने पुष्कळ अवघडलेले प्रसंग टळतात.

तिसरी गोष्ट अक्षरांची. मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल आणि सभागृहातील संगणकावर तो फॉन्ट नसेल, तर स्लाईड आणि टिपण दोन्ही अगम्य चिन्हांनी भरून जातात. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करावा. चौथी गोष्ट केबलची. जुन्या प्रोजेक्टरना व्हीजीए जोडणी असते आणि नव्या लॅपटॉपना बहुधा फक्त एचडीएमआय. दोहोंना सांधणारा जोडतुकडा आपल्या पिशवीत असावा. व्हीजीएच्या केबलमधून आवाज जात नाही, हेही ध्यानात असू द्यावे. ध्वनिचित्रफीत दाखवावयाची असेल, तर ध्वनिक्षेपकाची वेगळी तजवीज करावी लागते.

पाचवी गोष्ट विजेची. वीज गेली, की प्रोजेक्टर बंद पडतो. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण दुसरा पडदाच नाहीसा झाल्याने मांडणी विस्कटते. म्हणून ‘नोट्स पेजेस’ ह्या पर्यायाने टिपणाची पाने कागदावर छापून जवळ ठेवावीत. प्रत्येक पानावर वर स्लाईडचे लहान चित्र आणि खाली टिपण असे ते छापून येते. ज्या वक्त्याला पडद्यावाचून पाच मिनिटे बोलता येत नाही, त्याने सभेची तयारी केलेली नाही, असे म्हणावे लागेल.

ह्या संदर्भात एक प्रसिद्ध प्रसंग आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन तेथील संसदेपुढे आरोग्यसेवेच्या योजनेवर भाषणास उभे राहिले, तेव्हा त्यांच्यासमोरच्या टेलिप्रॉम्प्टरवर दुसऱ्याच, जुन्या भाषणाचा मजकूर लावला गेला होता. तो बदलेपर्यंत काही मिनिटे ते आठवणीवर बोलत राहिले, आणि ऐकणाऱ्यांना काही उणे असल्याची शंका आली नाही. त्यांनी विषय पचविला होता, म्हणून ते शक्य झाले. टिपण ही काठी आहे. चालावयाचे आपल्याच पायांनी.

खासगी काय आणि गुप्त काय

आता मी प्रारंभी उल्लेखिलेल्या प्रश्नाकडे येतो. टिपण केवळ आपल्याला दिसते, म्हणून त्यात वाटेल ते लिहावे काय?

सर्वप्रथम हे ध्यानात घ्यावे, की टिपण पडद्यावर दिसत नसले, तरी ते फाईलमध्येच असते. सभा संपल्यावर कोणी म्हणतो, ‘साहेब, स्लाईड पाठवा.’ आपण ती फाईल ई-मेलने किंवा व्हॉट्सॲपवर पाठवितो. तिच्याबरोबर टिपणही जाते आणि ज्याच्या हाती फाईल पडते तो ते सहज वाचू शकतो. ‘अमुक सदस्य आक्षेप घेतील, त्यांना वेळ देऊ नये’ असे काही त्यात लिहिलेले असेल, तर ते दुसऱ्या दिवशी गावभर होते. फाईल देण्यापूर्वी ‘फाईल’ ह्या भागातील ‘इन्फो’ आणि त्यातील ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ ह्या आज्ञेने टिपणे शोधून काढून टाकता येतात. मात्र ते फाईलच्या प्रतीवर करावे, म्हणजे मूळ टिपण आपल्याजवळ राहते. किंवा केवळ स्लाईडची पीडीएफ करून पाठवावी.

दुसरे असे, की लाभार्थींचे आधार क्रमांक, बँक खात्यांचे क्रमांक, कोणाचा आजार, कोणाच्या घरातील कलह, असा मजकूर टिपणातही असू नये. योजनेचा लाभ घेतला म्हणून नागरिक आपले घर उघडे टाकीत नाही. व्यक्तींच्या अशा माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीविषयीचा कायदाही केला आहे. परंतु कायद्याच्या आधी माणुसकीचा प्रश्न आहे. गरिबाची लाज राखणे हे शासकीय कामाचे अंगच आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खासगी आणि गुप्त ह्यांत फरक आहे. आठवणीची खूण, वेळेचे गणित, नावाचा उच्चार, संभाव्य प्रश्नाचे उत्तर, हे वक्त्याचे खासगी आहे. ते त्याच्या पडद्यावर राहिले, तर कोणाचेही काही हिरावले जात नाही. परंतु गावाच्या कामाचा खर्च, ठेक्याची रक्कम, काम लांबल्याचे कारण, ह्या गोष्टी गावाच्या मालकीच्या आहेत. त्या माजघरात ठेवून ओसरीवर नुसती रंगीत छायाचित्रे दाखविणे ही फसवणूक ठरेल. दोन पडदे म्हणजे दोन सत्ये नव्हेत.

यासाठी एक सोपी कसोटी सुचवितो. टिपणातील प्रत्येक ओळ लिहिताना स्वतःला विचारावे: ही ओळ उद्या चुकून मोठ्या पडद्यावर आली, तर मला संकोच वाटेल की शरम? हस्ताक्षर दुसऱ्याने पाहिल्यावर वाटतो तसा संकोच वाटला, तर हरकत नाही. शरम वाटणार असेल, तर ती ओळ लिहू नये, आणि ज्या गोष्टीसाठी ती लिहावीशी वाटली ती गोष्टच तपासून पाहावी. त्याचप्रमाणे ग्रामसभेत कोणी विचारलेल्या प्रश्नाला टिपणातून आकडा सांगितला, तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा आणि पुढच्या सभेत तो पडद्यावर दाखवावा. लोकांनी जे विचारले, ते पडद्यावर येण्यास पात्र आहे, हे त्यांनीच सिद्ध केलेले असते.

समारोप

मित्रहो, येत्या सभेपूर्वी एवढे अवश्य करा. सभागृहात अर्धा तास आधी जा. केबल जोडा, पडदे ‘एक्स्टेंड’वर आणा, शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि अक्षर वाचता येते का, ते पाहा. टिपण मोठ्या पडद्यावर दिसत नाही ना, ह्याची खात्री करा. प्रत्येक स्लाईडवरील मजकूर निम्म्याने कमी करा. कमी केलेला भाग टिपणात ठेवा. आणि बोलावयास उभे राहाल तेव्हा टिपण शेजारी असल्याच्या भरवशावर लोकांच्या डोळ्यांकडे पाहून बोला. कोणाला कळले, कोणाला कळले नाही, कोण बोलू इच्छितो पण धजत नाही, हे कोणत्याही संगणकाच्या पडद्यावर उमटत नाही. ते समोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावरच वाचावे लागते. आपली नजर त्या वाचनासाठी मोकळी व्हावी, हाच ह्या दुसऱ्या पडद्याचा खरा उपयोग आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!